एनसी प्लॉटमध्ये कपाशीची जीन्स रेषेखाली येतात. याला सिलेक्शन म्हणायचं का?

पऱ्हाटी_वणी

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या दोन मुलांचा कोडॉन वापरावर, म्हणजे एकाच अमिनो आम्लाच्या तीन-अक्षरी संकेतांपैकी (कोडॉनपैकी) जीन कोणते जास्त वापरतं यावर, प्रकल्प चालू आहे. चहूकडे कपाशीच, म्हणून जीन्सही अमेरिकन कपाशीची, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटमची घेतली. एनसीबीआय या जनुक-माहितीकोशावरून सीडीएसची (प्रथिनाचा संकेत देणाऱ्या भागांची) फाईल उतरवून प्रत्येक जीनचा एनसी (जीन प्रत्यक्षात किती वेगवेगळे कोडॉन वापरतं त्याचं माप) आणि जीसी३ (कोडॉनच्या तिसऱ्या जागेवर जी किंवा सी असण्याचं प्रमाण) काढला. बहुतेक ठिपके जीसी३ वरून अपेक्षित एनसी सांगणाऱ्या राइटच्या रेषेखाली पडतात. ‘रेषेखाली म्हणजे नैसर्गिक निवड’ असं बऱ्याच पेपरांत सरळ लिहून टाकलेलं असतं. आम्हीही तसंच लिहावं का?

दुसरा प्रश्न मुलांचा आहे. बोंडअळीसाठी बीटी जीन कपाशीत घालताना त्याचे कितीतरी कोडॉन बदलले, अमिनो आम्लं तीच ठेवली, तरी प्रथिन भरपूर वाढलं. मग सायनॉनिमस म्युटेशन (कोडॉन बदलतो पण अमिनो आम्ल तेच राहतं असा बदल) तटस्थ, म्हणजे ना फायद्याचं ना तोट्याचं, असतं हे पुस्तकातलं वाक्य टिकतं कसं?

तिसरी_जागा

सर, तसं लिहू नका. राइटने १९९० साली दिलेली ती रेषा एका गृहीतकावर उभी आहे: तिसऱ्या जागेवर जी आणि सी सारखे, ए आणि टी सारखे. सूत्र साधं आहे. जीसी३ ला ‘स’ म्हणा; अपेक्षित एनसी = २ + स + २९ ÷ (स² + (१−स)²). ‘स’ ०.४० असेल तर उत्तर सुमारे ५८.२ येतं. आता तुमच्या जीन्समध्ये टी हा ए पेक्षा जास्त असेल, तर निवडीचा काही संबंध नसतानाही ठिपका रेषेखाली घसरतो. म्हणून आधी चार पर्यायी कोडॉन असलेल्या अमिनो आम्लांपुरतं ए३÷(ए३+टी३) आणि जी३÷(जी३+सी३) काढून बघा. दोन्ही ०.५ च्या आसपास नसतील तर रेषेपासूनच्या अंतराला एकट्याला काही अर्थ नाही.

निवड ओळखायची तर तुलना लागते. सगळ्यात खात्रीची तुलना त्याच जीनच्या इन्ट्रॉनशी, म्हणजे मधल्या कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांशी. इन्ट्रॉनमध्ये प्रथिनाचा संकेत नसतो, त्यामुळे म्युटेशनचा कल तिथे बऱ्यापैकी उघडा दिसतो. फिनाइलअॅलनिनचे टीटीसी-टीटीटी आणि अॅस्परॅजिनचे एएसी-एएटी घ्या. इन्ट्रॉन टी-बहुल, कमी वापरातल्या जीन्समध्येही टी वर संपणारे कोडॉन जास्त, पण रायबोसोम या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या भरपूर वापरातल्या जीन्समध्ये मात्र सी वर संपणारे चढलेले, असं दिसलं तर निवडीचा दावा करायला जागा आहे. जीसी मात्र इन्ट्रॉन आणि तिसरी जागा दोन्हीकडे सारखंच चढलं असेल, तर जीसीकडे झुकलेलं जीन कन्व्हर्जन (क्रोमोसोमच्या जोडीत एकाची प्रत दुसऱ्यावर उतरताना जी-सी ला मिळणारं झुकतं माप) हे कारण पुरतं. ते निवडीसारखं दिसतं, पण त्यात जीवाच्या फायद्या-तोट्याचा काही हिशोब नसतो.

आता ‘तटस्थ’ या शब्दाबद्दल, कारण मुलं तिथेच अडतात. बदल तटस्थ आहे की नाही हे त्याच्या परिणामावर आणि लोकसंख्येवर मिळून ठरतं. समजा एका कोडॉनमुळे दहा लाखात एक एवढा फायदा होतो. प्रभावी लोकसंख्या (पुढच्या पिढीला प्रत्यक्ष जीन्स देणाऱ्यांची हिशोबी संख्या) दहा हजार, म्हणजे माणसासाठी साधारण धरतात तेवढी, असेल तर ४ × १०,००० × ०.०००००१ = ०.०४. दोन कोडॉनमध्ये म्युटेशनचा कल सारखा धरला, तर चांगला कोडॉन ५१ टक्के जागी दिसेल. नाणं उडवल्यासारखंच. लोकसंख्या दहा लाख केली की तोच गुणाकार ४ होतो आणि चांगला कोडॉन ९८ टक्के जागी बसतो. कोडॉन तोच, फायदा तोच. एकीकडे तटस्थ, दुसरीकडे नाही. इ. कोलाय या जिवाणूत ल्युसिनच्या सहा कोडॉनपैकी सीटीजी एकटाच जवळपास निम्मी कामं करतो तो याच हिशोबाने, आणि त्याच्यासाठी अमिनो आम्ल आणून देणारा टीआरएनए हा रेणूही पेशीत मुबलक असतो. हा टीआरएनएचा संबंध इकेमुराने १९८१ साली दाखवला.

कपाशीबाबत आणखी एक. वेचणीला सोयीची, लांब धाग्याची झाडं माणसाने निवडली ती काही हजार वर्षांतली गोष्ट. कोडॉनचा कल इतक्या लवकर हलत नाही. आज दिसतो तो ए आणि डी (इथे ए हे डीएनएचं अक्षर नव्हे, जीनोमचं नाव) या दोन पूर्वजांचा वारसा आहे, आणि ते दोन जीनोम एकत्र आले त्यालाही दहा-वीस लाख वर्षं झाली. तेव्हा ‘लागवडीतल्या निवडीमुळे कोडॉन वापर बदलला’ असं वाक्य प्रबंधात येऊ देऊ नका.

सरकी

बीटीच्या प्रश्नावर लिहितो. पर्लाक आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली क्राय१एबी या बीटी जीनवर हे काम तंबाखू आणि टोमॅटोत केलं. सुमारे ३ टक्के न्यूक्लिओटाइड बदलले तेव्हा प्रथिन दहापट वाढलं; सुमारे २१ टक्के बदलले तेव्हा शंभरपटीपर्यंत गेलं. पण फक्त ‘दुर्मिळ कोडॉन काढले म्हणून’ एवढं सांगून मुलांना सोडू नका. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं जीन ए-टी ने भरलेलं असतं. वनस्पतीची पेशी त्यात एएटीएएए सारखे तुकडे बघते आणि एमआरएनए (प्रथिन बनवायला जाणारी जीनची प्रत) मध्येच तोडून शेपूट लावते. एटीटीटीए सारख्या तुकड्यांमुळे एमआरएनए लवकर नष्ट होतो. म्हणजे रायबोसोमपर्यंत पोहोचायच्या आधीच निम्मी लढाई हरलेली. ३ टक्क्यांत दहापट फरक पडला तो मुख्यतः असे तुकडे मोडल्यामुळे.

आणि ते बदल प्रयोगशाळेत माणसाने केले. कोडॉन बदलल्याने प्रथिनाचं प्रमाण बदलतं, एवढं त्यातून सिद्ध होतं. निसर्गात त्या बदलांवर निवड होते का, हा वेगळा प्रश्न. कुडला वगैरेंनी २००९ साली इ. कोलायमध्ये हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची १५४ सायनॉनिमस रूपं घातली. प्रथिनात २५० पट फरक आला, आणि त्यातला निम्म्याहून जास्त फरक एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाची घडी किती घट्ट बसते यावरून समजला. कोडॉन किती वापरातला आहे याच्याशी त्याचा मेळ बसला नाही.

गडचिरोली_लॅब

आपल्या पूर्व विदर्भातल्या मुलांना सिकलसेल घरचा विषय आहे, तिथून सुरू करा. बीटा ग्लोबिनचा सहावा कोडॉन जीएजी. मधला ए जाऊन टी आला की जीटीजी, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, आणि सिकलसेल. त्याच कोडॉनचा शेवटचा जी बदलून ए झाला तर जीएए, आम्ल तेच. फळ्यावर हे दोन बदल शेजारी शेजारी लिहिले की मुलं लगेच पकडतात. पुढची गंमत बघा. एमएसटी-२ हे एन्झाइम सीसीटीएनएजीजी ओळखून कापतं (एन म्हणजे कोणतंही अक्षर), आणि सामान्य जीनमध्ये इथे सीसीटीजीएजीजी असतं. सिकलसेलमध्ये ही जागा मोडते. पण तो निरुपद्रवी जीएए आला तरी सीसीटीजीएएजी होऊन जागा मोडतेच. केवळ पट्टा कापला गेला नाही म्हणून सिकलसेल म्हणाल तर चुकाल. सिक्वेन्स किंवा हिमोग्लोबिनचा इलेक्ट्रोफोरेसिस बघावाच लागतो.

सायनॉनिमस म्हणजे निरुपद्रवी, हेही सगळीकडे खरं नाही. प्रोजेरियात लॅमिन ए जीनच्या ६०८ व्या कोडॉनला जीजीसीचं जीजीटी होतं. दोन्ही ग्लायसिन. पण त्या एका अक्षराने स्प्लायसिंगची (इन्ट्रॉन कापून उरलेले तुकडे जोडण्याची) एरवी सुप्त असलेली जागा जागी होते, प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात आणि लेकरू अकाली म्हातारं होतं. एसएमएन१ चं जुळं जीन असलेल्या एसएमएन२ च्या सातव्या एक्झॉनमध्ये (स्प्लायसिंगनंतर ठेवल्या जाणाऱ्या तुकड्यात) टीटीसीचं टीटीटी आहे. दोन्ही फिनाइलअॅलनिन, तरी तो एक्झॉन बहुतेक वेळा वगळला जातो. म्हणून स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आजारात एसएमएन१ गेलं की एसएमएन२ पुरेसं पडत नाही.

पऱ्हाटी_वणी

फार आभार सगळ्यांचे. इन्ट्रॉनची तुलना करतोच. २०२२ चा यीस्टवरचा पेपर मुलांनी आणला आहे, चारपैकी तीन सायनॉनिमस म्युटेशन घातक म्हणणारा. तो उद्धृत करावा का? आणि फाईल साफ करताना काय जपायचं?

तिसरी_जागा

उद्धृत करा, पण एकटा नको. २१ जीन्समध्ये ८,३४१ म्युटेशनं करून सुमारे ७६ टक्के सायनॉनिमस बदल घातक ठरवले होते. २०२३ मध्ये क्रुग्ल्याक आणि इतरांनी त्यावर आक्षेप घेतला: तुलनेसाठी घेतलेली मूळ जात त्याच क्रिस्पर या जीन-संपादनाच्या प्रक्रियेतून गेलेली नव्हती, तेव्हा हा तोटा कोडॉनचा की प्रक्रियेचा हे वेगळं करता येत नाही. दोन्ही शेजारी ठेवा.

फाईलबद्दल: एका जीनचा एकच, सगळ्यात लांब ट्रान्सक्रिप्ट (जीनवरून निघणारी आरएनए प्रत) ठेवा, नाहीतर तेच जीन चार-चारदा मोजलं जातं. एटीजीने सुरू, लांबी तीनने भागणारी, मध्ये स्टॉप (प्रथिन संपवणारा) कोडॉन नाही, ‘एन’ अक्षर नाही, आणि किमान ३०० बेस. याहून लहान जीनमध्ये एनसी उगाच हेलकावतो, कधी ६१ या कमाल मर्यादेच्याही वर जातो. एटीजी आणि टीजीजी मोजणीतून काढा, त्यांना पर्यायच नाही. क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रियाची जीन्स वेगळ्या फाईलमध्ये. वनस्पतीच्या मायटोकॉन्ड्रियात सीचं यू करणारं आरएनए एडिटिंग होतं, त्यामुळे काही खरी जीन्स डीएनएमध्ये एसीजीने सुरू होतात आणि तुमच्या एटीजीच्या चाळणीत गळतात. ए आणि डी जीनोमची जोडीची जीन्स स्वतंत्र नमुने म्हणून धरू नका, नाहीतर पी-व्हॅल्यू फुकटची लहान येते. आणि सीएआय (जीनचे कोडॉन भरपूर वापरातल्या जीन्सशी किती जुळतात त्याचं माप) काढताना प्रोग्रॅममध्ये आधीपासून भरलेला इ. कोलायचा संदर्भ संच तसाच राहतो, तो बदलून कपाशीचीच रायबोसोमची जीन्स द्या. ही चूक छापील पेपरांतही सापडते.

सरकी

पुढच्या वर्षी मुलं गुलाबी बोंडअळीचा मायटोकॉन्ड्रिया घेणार असतील तर एनसीबीआयचं कोड टेबल ५ (कोणता कोडॉन म्हणजे कोणतं अमिनो आम्ल हे सांगणारा, अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा तक्ता) निवडा. त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, एटीए म्हणजे मेथिओनिन, आणि एजीए-एजीजी म्हणजे सेरिन. नेहमीच्या टेबल १ वर चालवलं तर चांगलं जीन मध्येच स्टॉपने भरलेलं दिसतं आणि तुमची चाळणी ते फेकून देते.