मेंदूची प्रत यंत्रात: होईल का, आणि व्हावी का?

पवईकर (धागाकर्ते):
मन यंत्रात उतरवणं हा निव्वळ कल्पनाविलास आहे, हे मला पटत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि ५ कोटींच्या वर जोडण्या. त्याच नकाशावर अगदी साधं संगणकी मॉडेल चालवलं गेलं. साखरेची चव ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या, तर सोंड बाहेर काढणारी पेशी पेटली, जिवंत माशीत पेटते तशीच. माणसाच्या ८,६०० कोटी चेतापेशी हा मग फक्त आकाराचा आणि पैशाचा प्रश्न आहे.

कुलाबकर:
'फक्त'? हिशोब करा. २०२४मध्येच मानवी मेंदूच्या १ घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा आला. सुमारे ३३ नॅनोमीटर जाडीचे ५,०००हून अधिक काप, १.४ पेटाबाइट (१,४०० टेराबाइट) विदा, म्हणजे डेटा. अख्खा मेंदू साधारण १२ लाख घन मिलिमीटर. २० टेराबाइटच्या डिस्क घेतल्या तरी ८ कोटींच्या वर लागतील. आणि साठवण हा सोपा भाग! खरी अडचण कापताना येते. चेतातंतू काही ठिकाणी १०० नॅनोमीटरहून बारीक असतो. लागोपाठ तीन काप फाटले किंवा दुमडले की धागा तुटतो, किंवा सॉफ्टवेअर तो शेजारच्या तंतूला जोडून टाकतं. माशीच्या नकाशातल्या अशा चुका हाताने दुरुस्त करायला ३३ माणूस-वर्षं लागली. शिवाय पेशी सूक्ष्मदर्शकात दिसाव्यात म्हणून दिलेलं ऑस्मियम धातूचं रंजन जाड तुकड्यात आतपर्यंत सारखं मुरत नाही. म्हणून आधी वड्या पाडायच्या, आणि प्रत्येक वडीच्या कडेला पुन्हा धागे जुळवायचे.

पवईकर:
हे सगळं यंत्रांच्या वेगाचं दुखणं आहे, तत्त्वाचं नाही. वाचायची घाई नाही, आधी जपून ठेवा. ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने मेंदू स्थिर करायचा, मग बर्फ होऊ न देणारं एथिलीन ग्लायकॉल तासन्‌तास हळूहळू वाढवत ६५ टक्क्यांपर्यंत न्यायचं आणि उणे १३५ अंशांवर ठेवायचं. ससा आणि डुक्कर यांच्या मेंदूत ही रीत चालली, जोडण्या शाबूत दिसल्या. २०१६ आणि २०१८मध्ये त्याला बक्षिसंही मिळाली.

परळकर:
प्राणी भूल दिलेला होता, रक्त वाहत असताना नळी घातली होती, हे सांगायचं राहिलं. रक्ताभिसरण थांबलं की थोड्याच वेळात सूक्ष्म वाहिन्या सुजतात, गुठळ्या होतात आणि द्रावण ठिकठिकाणी पोचतच नाही. पनवेलहून परळला ॲम्ब्युलन्स येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. बरं, मरणाआधी सुरू करावं तर तो खुनाचा गुन्हा. २०१८च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने फक्त उपचार थांबवायला मुभा दिली आहे, मरण घडवून आणायला नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातली मेंदूमृत्यूची वाटही कामाची नाही. तिथे मूत्रपिंड चालतं, पण आपल्याला हवा तो अवयवच गेलेला असतो.

कुलाबकर:
सहमत. आणि तत्त्वाचंही दुखणं आहेच, पवईकर. खेकड्याच्या जठराची लय चालवणाऱ्या चेतापेशींच्या गाठीत जेमतेम ३० पेशी. जोडण्या त्याच ठेवून वेगळं न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींचं संदेशवाहक रसायन) सोडलं की लय बदलते. तारांच्या नकाशात हे दिसत नाही. ३०२ चेतापेशींच्या सूत्रकृमीचा, म्हणजे एका बारीक अळीचा, नकाशा १९८६पासून हाताशी आहे. जिवंत अळीसारखी शिकणारी अळी अजून संगणकात नाही.

पवईकर:
दिसत नाही म्हणजे कळणारच नाही असं नव्हे. असे संदेश पकडणारे पेशीवरचे ग्राहक-रेणू आणि विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारे आयनमार्ग, दोन्ही त्यांना नेमके चिकटणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवता येतात. अळीच्या बाबतीत बराच काळ नकाशा होता, पण प्रत्येक पेशीचं विद्युत-मोजमाप नव्हतं. उणीव मोजमापाची होती.

माहीमकर:
जमलं असं धरू. हवंय कुणाला? प्रत हजार वेळा चालवता येते, थांबवता येते, संमतीशिवाय चौकशीला बसवता येते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात कलम १४ आपल्या विदेचे हक्क आपल्याऐवजी कोण वापरणार याचं नामनिर्देशन करू देतं, पण मृत्यू किंवा अक्षमता आल्यावर. बोलणारी, 'मला बंद करू नका' म्हणणारी प्रत मृत धरायची की अक्षम? नामनिर्देशित मुलगा आणि दादरच्या फ्लॅटचा वारस बहुधा एकच असणार. सोसायटीच्या सभेत मत कुणाचं, हे भांडण तर वेगळंच.

पवईकर:
म्हणून प्रत चालू करण्याचा अधिकार वारसाकडे नकोच. जपणूक करतानाच लेखी अटी घ्या: किती प्रती, कुणाच्या देखरेखीखाली, कधी बंद.

माहीमकर:
आणि प्रतीने त्या अटी बदलायच्या म्हटलं तर? सही मूळ माणसाची आहे, तिची नाही.