प्रति: पंपाचा दांडा काढला आणि कॉलरा थांबला
वर म्हटलंय की लंडनमधल्या सोहो वस्तीत, ब्रॉड स्ट्रीटच्या विहिरीवरच्या हातपंपाचा दांडा काढला आणि कॉलऱ्याची साथ थांबली. तसं नाही. ८ सप्टेंबर १८५४ ला दांडा निघाला तेव्हा साथ ओसरतच होती, बरेच लोक वस्ती सोडून गेलेले. पण म्हणून तो निर्णय वाया गेला असंही नाही, आणि हे इथे कुणी लिहिलेलं नाही. तिथले तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघरी चौकशी केली. ४० नंबरच्या घरात तान्ही मुलगी आजारी पडली होती. तिच्या दुपट्यांचं पाणी आई ज्या शोषखड्ड्यात ओतायची, तो विहिरीला जवळजवळ लागूनच. विटांचं बांधकाम कुजलेलं, त्यामुळे खड्ड्यातली घाण विहिरीत झिरपायची. त्याच मुलीच्या बापाला कॉलरा झाला नेमका ८ तारखेला! त्याचीही घाण त्याच खड्ड्यातून विहिरीत गेली असती, आणि पंप चालू राहिला असता तर लोक पुन्हा तेच विषारी पाणी प्यायले असते.