तीर्थ ओठांना लावण्यापुरतं

एकांनी विचारलंय, देवाचं करून आजार बरा होतो का? नाही होत. आमच्या सासूबाईंचं डायलिसिस (किडनीचं रक्त शुद्ध करायचं काम मशीनने करणं) आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं. ते काम मशीनचं, महादेवाचं नव्हे. पण घरी आल्यावर गळून गेलेल्या माणसाची संध्याकाळ कशी काढायची, हे मशीन सांगत नाही.

ठाण्यात तलावपाळीजवळ राहतो. पूर्वी सासूबाई सोमवारी कौपिनेश्वर महादेवाला चालत जायच्या, आता रिक्षाने, तेही अंगात त्राण असेल तर. पाण्यावर बंधन, म्हणून तीर्थ नुसतं ओठांना लावतात. केळ्यात पोटॅशियम जास्त, त्यामुळे प्रसादाचं केळं नातवाकडे जातं. तो सोलता सोलता चिडवतो, "आजी, देव तुझ्या नावावर मलाच खाऊ घालतो!" आणि त्या खळखळून हसतात. (मिठावर बंदी आल्यापासून घरात हसणंही अळणीच झालं होतं.)

दिवेलागणीला नणंद पनवेलहून व्हिडिओ कॉल लावते. आरती ती सुरू करते, आम्ही मागे पडतो, सूर कुठेच जुळत नाही. फिस्टुलाचा हात (डायलिसिसच्या सुया टोचायला ज्यात रक्तवाहिन्या जोडून जागा केलेली असते तो) जपायचा, म्हणून टाळ बंद. सासूबाई दुसऱ्या हाताने खुर्चीवर ठेका धरतात.

आणि हो, अंगारा लावा, डायलिसिस सोडा असं सांगणारे नातेवाईकही येतात. त्यांना चहा पाजून बोळवते.