बुधवारी रात्रीचा क्रीमी चिकन-बेकन पास्ता : तुमच्या घरी कसा होतो?

सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कामाच्या आठवड्यात चिकन शिजायला आमच्याकडे बुधवार आणि शुक्रवार एवढेच उरतात. त्यातही आम्ही दोघं शेंद्रा आणि वाळूजहून घरी टेकतो साडेसातला. रस्सा म्हटलं की वाटण आलं, भाकरी आल्या. म्हणून संभाजीनगरच्या आमच्या घरात बुधवारी हा पास्ता रुळला.

आमची रीत अशी. चौघांना पेने (नळीचा पास्ता) २५० ग्रॅम, बोनलेस चिकन ३०० ग्रॅम, बेकन (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या) १०० ग्रॅम, क्रीमचा २०० मिलीचा एक डबा, सहा-सात लसूण पाकळ्या, मिरी आणि एक-दोन चीज क्यूब. बेकनचे तुकडे थंड कढईत टाकायचे आणि मग बारीक गॅस लावायचा. तापलेल्या कढईत टाकलं तर कडा करपतात आणि चरबी आतच राहते. थंड कढईपासून चढवलं की चरबी सावकाश सुटते, तेल घालावंच लागत नाही. कुरकुरीत तुकडे बाजूला काढून त्याच चरबीत चिकन, मग लसूण, मग बारीक आचेवर क्रीम, शेवटी पास्ता. वरून घालायचं मीठ अगदी शेवटी, चाखून. बेकन मुळातच खारं असतं.

आता तुम्ही लिहा. मुंबई-पुण्याच्या पद्धती नकोत, त्या पोत्यानं मिळतात. आपल्या मराठवाड्यात बेकन कुठून आणता, घरात चालतं का, क्रीम फुटतं का, म्हातारी माणसं काय म्हणतात, ते सांगा.

लातूर

पास्त्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १ लिटर पाणी लिहिलेलं असतं. म्हणजे चौघांच्या पास्त्याला अडीच लिटर, आणि शिजल्यावर ते सगळं मोरीत. हे लातूरच्या माणसाला सांगून बघा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्याकडे. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, ५ लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी फरशीला जायचं आणि फरशीचं संडासाला. आता नळाला पाणी असलं तरी आईचा हात आखडताच आहे. मी पातेलंभर पाणी चढवलं तर म्हणाली, "हे काय करायलास? एवढ्यात तर वरण, भात, चहा सगळं होतंय की."

तिचं बरोबर होतं. पसरट कढई घ्यायची, पास्ता एका थरात पसरायचा आणि वर बोटभर येईल एवढंच पाणी ओतायचं. २५० ग्रॅमला लिटरच्या आत भागतं. पहिली दोन-तीन मिनिटं मात्र हलवत राहायचं, कारण पास्त्याच्या अंगावरचं पीठ तेव्हाच सुटतं आणि तो तेव्हाच एकमेकाला चिकटतो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी उतरवायचा. खाली वाटी-दीड वाटी पांढुरकं, दाट पाणी उरतं. ते सॉसमध्ये ओतलं की बेकनची चरबी आणि क्रीम एकजीव राहतात, वर तेलाचा तवंग येत नाही. अडीच लिटर पाण्यात शिजवला तर हे पीठ इतकं पातळ होतं की त्या पाण्याचा सॉसला फारसा उपयोग नाही. म्हणजे काटकसर केली म्हणून पास्ता वाईट झाला असं नाही, उलट बरा झाला.

आणि हो, कढईत पाणी कमी म्हणून मीठही कमी. नेहमीच्या अंदाजानं टाकाल तर सॉस खारट होईल.

परभणी

मला इथे बेकन मिळालं नाही. भाऊ औरंगाबादला असतो, तो रेल्वेनं येताना थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून आणतो. घरी आल्या आल्या पाकीट फोडून बटर पेपरमध्ये चार-चार पट्ट्यांच्या पुड्या करते आणि फ्रीजरमध्ये टाकते. बुधवारी एकच पुडी निघते. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. लाइट जास्त वेळ गेली तर त्या दिवशी वार कुठलाही असो, पास्ता होतो.

चिकनचं एक सांगते. बोनलेस म्हटलं की चिकनवाला छातीचंच देतो. ते दोन मिनिटं जास्त झालं की चोथा. मांडीचं सोडवून मागा. तो कुरकुर करील, थोडे पैसे जास्त लावील, पण क्रीममध्ये मऊ राहतं.

नांदेड

आमच्या सासूबाई माळकरी. आतल्या गॅसवर मांस चढत नाही, हे मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासूनचं. मागच्या पडवीत एक शेगडी आहे. तिथली कढई वेगळी, पातेली वेगळी, उलथणं वेगळं, घासणीसुद्धा वेगळी, खिळ्याला टांगलेली. ती घासणी चुकून आतल्या मोरीत आली तर सासूबाई एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी खिळ्याला नवी घासणी टांगलेली असते आणि जुनी दिसत नाही, बस.

त्यामुळे पास्त्याचं काम दोन जागी चालतं. पास्ता आत शिजतो. तो शिजला का हे सासूबाईच बघतात, एक नळी दाताखाली धरून. "अजून कच्चं हाय, राहू दे," असं म्हणाल्या की राहू द्यायचं, घड्याळ काहीही म्हणो. त्यांचा वाटा आधी निघतो. लोण्यात लसूण, मक्याचे दाणे, क्रीम, मिरी. एकादशी असेल तर हा प्रश्नच नसतो. चीजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांनी चष्मा लावून बघितला होता, मगच ते आतल्या फ्रिजमध्ये गेलं.

बाकीचा पास्ता मी ताटाखाली झाकून पडवीत नेते. तिथे मामंजी खुर्ची टाकून बसलेले असतात. बेकन तडतडायला लागलं की त्यांच्या सूचना सुरू होतात, "अजून थोडं लाल होऊ दे." बेकन कशाचं असतं हे त्यांना माहीत आहे. सासूबाईंनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. कुणी याला लबाडी म्हणेल. एकाच घरात दोन चुली गुण्यागोविंदानं चालवायच्या तर काही प्रश्न न विचारलेलेच बरे असतात, असं माझं मत.

एक सोय सांगते. पडवीतून आत-बाहेर करण्यात पास्ता गार होतो आणि गोळा बसतो. म्हणून सॉस नेहमीपेक्षा थोडा पातळ ठेवते. ताटात पडेपर्यंत बरोबर होतो.

बीड

आमच्याकडे बेकनचा सवालच नाही. पण पास्ता मुलांना पाहिजे आणि त्यातला तो खारट कुरकुरीतपणाही पाहिजे. त्यावर माझ्या बहिणीनं काढलेला उपाय लिहितो, ज्यांना डुकराचं नको त्या सगळ्यांना कामाचा आहे.

आपल्याकडे चिकनवाला कोंबडी सोलून देतो आणि कातडी टाकून देतो. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, दोन-तीन कोंबड्यांची कातडी जपून ठेव म्हणून. आमचा तर पैसेच घेत नाही, फक्त विचित्र नजरेनं बघतो. घरी आणून सुरीच्या पाठीनं आतली पिवळी चरबी थोडी खरवडायची, धुवून फडक्यानं कोरडी करायची, मीठ, मिरी आणि चिमूटभर साखर लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवायची. झाकली तर पाणी सुटतं. दुसऱ्या दिवशी थंड तव्यावर सपाट पसरून वर वजन ठेवायचं. आम्ही पाण्यानं भरलेलं छोटं पातेलं ठेवतो. बारीक गॅस. वीसेक मिनिटांत काचेसारखी कडक होते. खाली सुटलेल्या चरबीतच चिकन परतायचं.

राहिला धूर. बिर्याणीला देतो तो धुंगार. परतलेल्या चिकनच्या मधोमध वाटी, वाटीत लाल कोळसा, वर तुपाऐवजी त्याच चरबीचे दोन थेंब, आणि झाकण. पाच मिनिटं पुरे. जास्त ठेवलं तर कडवट लागतं, आणि क्रीम घातल्यावर तो कडवटपणा लपत नाही, उलट वर येतो. म्हणून धुंगार क्रीमच्या आधी. अम्मीला पास्ता नको असतो, ती ही कातडी नुसती खाते, लिंबू पिळून.

धाराशिव

वर सगळ्यांनी बेकन कुठून आणायचं ते लिहिलं. मी दुसरं लिहितो.

आमच्या वस्तीत फ्रिज नव्हते. मांस जास्तीचं आलं की आजी त्याच्या लांब पट्ट्या कापायची, मीठ-हळद लावून दोरीवर उन्हात टाकायची, आणि आम्हा पोरांना कावळे-कुत्री हाकायला बसवायची. चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसलं की विस्तवावर भाजून, कुटून, नाहीतर कालवणात. मीठ लावून, पाणी काढून मांस टिकवायचं, हे बेकनचंही तेच आणि चान्यांचंही तेच. बेकनला वर धूर देतात एवढंच. फरक असा की बेकनचं पाकीट लोक कौतुकानं विकत घेतात, आणि आमच्या दारावरून जाताना दोरीकडे बघून नाक धरायचे. लिहून ठेवतो, कारण नंतर कुणी लिहीत नाही.

आता पास्ता. आई अजून थोड्या चान्या करते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवतो, पिळून खलबत्त्यात ठेचतो, तंतू सुटले पाहिजेत. थोड्या तेलात कडक परततो. बेकनसारखी स्वतःची चरबी सुटत नाही, त्यामुळे तेल लागतंच. भिजवलेलं पाणी फेकतो, फार खारं असतं. बाकी चिकन आणि क्रीम तुमच्यासारखंच. माझ्या लेकीला बेकनपेक्षा हाच आवडतो, तिनं दोन्ही खाल्लेत.

(संभाजीनगरहून, मध्येच)

धाराशिवच्या दादांचं दोनदा वाचलं. आमच्या घरी करून बघायचं म्हटलं तर चान्या मागायच्या कुणाकडे हाच प्रश्न आहे, आणि तो प्रश्न का आहे ते त्यांनीच लिहिलंय. लातूरची कढई मात्र लगेच उचलली. क्रीमवर कुणी लिहिलं नाही अजून.

जालना

क्रीमवर मी लिहिते. दुकानात जो डबा मिळतो त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी पाककृतीत सांगतात ते ३५ टक्क्यांच्या आसपासचं. ते उकळलं तरी टिकतं, आपलं फुटतं. वरून लिंबू किंवा टोमॅटो पडला तर हमखास. म्हणून गॅस बंद करून क्रीम घालायचं, तेही फ्रिजमधून थेट नाही. भीती वाटत असेल तर बेकनच्या चरबीत चमचाभर मैदा परता, थोडं दूध घालून सारखं करा, मग क्रीम. मैद्यानं क्रीमला आधार मिळतो.

डबा नसेल तर साय. म्हशीच्या दुधाची, एक-दोन दिवसांचीच. लोण्यासाठी साठवलेली, आंबूस झालेली साय इथे चालत नाही. थोड्या दुधात चांगली घोटून घ्या, गुठळी राहिली तर ताटात दिसते. आणि चीज साधं क्यूबचंच घ्या. प्रोसेस्ड चीजमध्ये ते नीट वितळावं म्हणून क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते सॉसमध्ये विरघळतं. मोझरेलाचे दोर ओढत बसावं लागतं.

पुण्याला शिकणारा भाचा म्हणाला, "मावशी, इटलीत क्रीम घालत नाहीत." तो कार्बोनाराबद्दल बोलत होता. रोमच्या त्या पास्त्यात अंडी, पेकोरिनो चीज आणि डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस असतं, क्रीम नसतं, खरंय. पण आपण करतो तो पदार्थच वेगळा. त्याला त्याची शिस्त कशाला?

हिंगोली

मूळ हिंगोलीचा, सध्या स्पर्धा परीक्षेसाठी संभाजीनगरला रूमवर. इंडक्शन, एक कढई. चिकन सलामीचे तुकडे बेकन म्हणून, दूध पावडर क्रीम म्हणून, चीज स्लाइस चीज म्हणून. रूम पार्टनर म्हणतो मॅगी बरी. त्याला ताट दिलं की बोलत नाही.

अंबाजोगाई

डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्याकडून हेच येणार. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेकन, सलामी, चीज, तिन्हीत मीठ भरपूर. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातलं. १०० ग्रॅम बेकन चौघांत वाटून महिन्यातून एखाद्या वेळी खाल्लं तर मी अडवणार नाही, मीही खातो. पण दर बुधवारी आणि डब्यालाही तेच, हे नको. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या ताटात बेकन कमी, चिकन जास्त वाढा. नांदेडच्या मामंजींनाही सांगा.

उदगीर

शेती करतो. पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा होतो त्याच जातीचा आपला बन्सी. वडील पेरायचे, उन्हाळ्यात त्याच्याच रव्याच्या शेवया घरी व्हायच्या. शिजून लगदा होत नव्हता, दाताला लागायच्या. म्हणून सुनेनं पास्ता केला तेव्हा मला तो परका वाटला नाही, सॉस मात्र फिका वाटला. नुसतं दूध-लोणी, तिखट कुठंय?

मी म्हटलं, येसर टाक. ती बघतच राहिली. येसरात धान्य आणि डाळ भाजून दळलेली असते, मसाला असतो. रश्शाला दाटपणा त्यानंच येतो, मग क्रीमला का येऊ नये? चमचाभर येसर कोमट पाण्यात कालवून लसणानंतर टाकायचं, कच्चा वास जाईपर्यंत परतायचं, मग क्रीम. जालन्याच्या ताईंचा मैदा त्या दिवशी लागत नाही. रंग बदामी येतो. नातवंडं म्हणतात, आजोबांच्या पास्त्याला मटणाचा वास येतो. सून आता दोन कढया करते, एक पांढरी, एक बदामी. बदामी आधी संपते.