रत्नागिरीजवळ संग्रहालयाच्या आवारात कार्यक्रम करायचाय, सल्ला द्या

शेवंता: जानेवारीत आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. १२० माणसं, संध्याकाळी ६ ते १०, गाणी आणि जेवण. हॉल नकोय. थिबा पॅलेससारख्या जागी (रत्नागिरीतला जुना राजवाडा, आता तिथे संग्रहालय आहे) होऊ शकेल का? काय विचारायचं, कुठे अडतं?

कातळकडा: आधी मालक कोण ते पाहा. थिबा पॅलेस (१९१०) सरकारी आहे, त्यामुळे अर्ज पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. तिथे घरगुती समारंभाला होकार मिळेल असं धरून पत्रिका छापू नका. खासगी संग्रहालयात बोलणं सोपं, पण तिथेही लेखी घ्या: कुठला भाग, किती वाजेपर्यंत, वीज किती, अनामत कशासाठी कापणार.

दालनं मागूच नका, अंगण मागा. माणूस बसल्या जागी तासाला साधारण ५० ग्रॅम बाष्प सोडतो. १२० जण म्हणजे तासाला ६ लिटर पाणी बंद खोलीच्या हवेत! आपल्याकडची हवा आधीच दमट. लाकूड फुगतं, कागदाला बुरशी धरते. पाहुण्यांना दालन दाखवायचंच असेल तर वीस-वीसच्या गटाने, हातात पेला-ताटली नाही, फ्लॅश नाही. कापड आणि कागदावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नसावा, व्हिडिओवाल्याचे दिवे त्याच्या कितीतरी पट असतात.

जागेचा हिशोब: गोल टेबलांवर माणशी १५ चौरस फूट, म्हणजे १८००. मंच, वाढप आणि ये-जा धरून २५०० लागतील. सहा फुटी टेबलं १२.

मतलई: भटारखाना कुठे मांडताय ते फार महत्त्वाचं. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. दुपारी पाहणी करून पूर्वेला चूल मांडली की जेवणाच्या वेळी धूर थेट अंगणात आणि दालनांच्या खिडक्यांत येऊ शकतो. उत्तर किंवा दक्षिण बाजू घ्या, इमारतीपासून निदान ५० फूट. सिलिंडर उघड्यावरच.

मांडववाल्याला आधीच बजावा, चिऱ्यात खिळा नाही, खांबाला दोरी नाही. जांभा मऊ असतो, खिळा काढताना कोपराच निघतो. खांब वाळूच्या पोत्यांवर किंवा पाण्याच्या पिंपांवर तोला. वर छत हवंच, जानेवारीत रात्री दव पडतं आणि टेबलक्लॉथ ओले होतात.

आणि सोलकढी! कोकमाचं आम्ल संगमरवर आणि चुन्याची फरशी खातं. डाग पुसला तरी तिथली झिलई जाते, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. वाढपाच्या टेबलाखाली जाड ताडपत्री, सांडलं तर लगेच साधं पाणी आणि सुती फडकं. लिंबू, व्हिनेगर लावून घासू नका.

शेवंता: आवाजाचं काय? आणि फुलांची सजावट चालेल?

कातळकडा: लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद, हा कायदाच आहे. तुम्ही ९.४५ ला थांबा. परवानगी पोलीस ठाण्यातून, अर्जाला संग्रहालयाचं पत्र जोडा. सबवूफर नको, त्याच्या कंपनाने काचेच्या फळीवरची भांडी हळूहळू कडेकडे सरकतात. स्पीकरच्या पेट्या भिंतीला टेकवू नका, तोंड मोकळ्या बाजूला. ध्वनिमुद्रित गाणी वाजवणार असाल तर परवान्याची चौकशी करा, लग्नसमारंभाला जी सवलत आहे तिच्यावर लग्नाच्या वाढदिवसासाठी विसंबू नका. मद्य ठेवणार असाल तर उत्पादन शुल्क खात्याचा एका दिवसाचा परवाना वेगळा, आणि संग्रहालयाची हरकत नाही हे वेगळं.

मतलई: फुलं अंगणातच. अबोली-शेवंतीच्या माळांतून बारीक किडे येतात आणि लाकडात, कापडात शिरतात. त्याच रात्री सगळं आवाराबाहेर न्या, उष्ट्यासकट. मेणबत्त्या नको, काजळी चुन्याच्या भिंतीवर बसली की निघत नाही. बॅटरीचे दिवे लावा. स्वच्छतागृहं मोजून घ्या, १२० जणांना निदान चार हवीत. आणि अनामत भरण्याआधी भिंती, फरशी, खांब यांचे फोटो तिथल्या माणसासमोर काढा, त्यावर दोघांची सही.