रोज दहा शब्द पाठ करून इंग्रजी येतं?

दादर_पश्चिम: काल इथे एकाने लिहिलं, "रोज दहा अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करा, वर्षभरात साहेबासारखं बोलाल." डोकंच फिरलं. मी हे केलंय. चर्चगेट लोकलमध्ये दांडीला लटकून वही घोकायचो. वहीत होतं 'नोटोरियस – प्रसिद्ध'. पहिल्या नोकरीत साहेबांच्या निरोपाच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं, तुम्ही शिस्तीसाठी नोटोरियस आहात. कार्ड अख्ख्या खात्यात फिरलं. 'कुख्यात' हा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला.

परळ_चाळ: चूक तुमच्या वहीची, पाठांतराची नाही. एसएससी सीजीएलच्या, म्हणजे पदवीधरांसाठीच्या केंद्र सरकारी नोकरभरती परीक्षेच्या, पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण. समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द. चुकलं की अर्धा गुण कापतात. दिवसभर राबून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याने कादंबऱ्या कधी वाचायच्या?

दादर_पश्चिम: परदेशी उच्च शिक्षणासाठी देतात त्या जीआरई परीक्षेने २०११ मध्येच सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद केलं. आता वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या.

परळ_चाळ: जीआरईवाले अमेरिकेला जातात. मला आयकर निरीक्षक व्हायचंय. माझ्या परीक्षेबद्दल बोला.

विरार_फास्ट: अर्थ राहू दे, उच्चाराचं काय? मी मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. मुलाखतीत 'एपिटोम' (मूर्तिमंत उदाहरण) म्हणाले. समोरची बाई हसली, "यू मीन इपिटमी?" पुढे मला एक उत्तर सुचलं नाही. अर्थ बरोबर होता, स्पेलिंग बरोबर होतं!

ठाणेकर: शब्दकोशात उच्चार बघायचा ना. ग्रीकमधून आलेला शब्द आहे, शेवटचा ई उच्चारतात. हायपरबलीचंही (अतिशयोक्ती) तेच.

विरार_फास्ट: आम्हाला ग्रीक कोण सांगणार होतं? आमच्या बाईच 'हायपरबोल' शिकवायच्या. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची शाळा संपली होती.

ठाणेकर: सगळं शाळेवर ढकलू नका. मीही मराठी माध्यमाचाच. बीबीसी ऐकून जीभ वळवली.

विरार_फास्ट: तुमच्याकडे रेडिओ होता, अभिनंदन. आणि शिकायचं कायम आपणच का? लोक तुमच्या ठाण्याला 'थाने' म्हणतात, तेव्हा भर मुलाखतीत कोणी हसतं त्यांना?

ठाणेकर: ...हे मात्र खरं. 'थाने' ऐकलं की माझंही टाळकं सरकतं.

परळ_चाळ: ताई, हसणाऱ्यांची चूकच. पण मी यादी सोडणार नाही.

दादर_पश्चिम: नका सोडू. प्रत्येक शब्दापुढे एक अख्खं वाक्य तेवढं लिहा. 'फ्रुगल' आणि 'स्टिंजी' दोन्हीपुढे 'काटकसरी' लिहिलंत, तर उद्या स्वतःच्या आईलाच चिक्कू म्हणून मोकळे व्हाल.

परळ_चाळ: आईला मध्ये आणू नका. लिहितो वाक्य. दहाचे पाचच शब्द होतील रोज, परीक्षेत कमी पडले तर तुम्हाला विचारायला येईन.