मदत हवी आहे: शोधपत्रकार ते मीडियावर लगाम, हा खिनश्टाइनचा प्रवास नीट कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी, पत्रकारितेच्या कोर्ससाठी रशियाच्या अलेक्झांडर खिनश्टाइनवर लिहितेय आणि मधेच अडकलेय. रशियन वाचता येणारं कुणी असेल तर प्लीज सांगा.

हा माणूस मुळात पत्रकार. 'मोस्कोव्स्की कोम्सोमोलेत्स' पेपरात बड्या लोकांची लफडी बाहेर काढायचा, बडा उद्योगपती बेरेझोव्स्की काय, गृहमंत्री रुशाइलो काय, कुणालाच सोडलं नाही. जानेवारी २००० मध्ये पोलीस थेट घरी आले, ड्रायव्हिंग लायसन्सचं प्रकरण पुढे करून मानसिक तपासणीसाठी व्लादिमिर शहरात न्यायचा घाट घातला होता, तेव्हा मोठा गदारोळ झाला.

तोच २००३ ला दुमात (रशियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) खासदार, मधे काही काळ रोसग्वार्दिया म्हणजे रशियाच्या नॅशनल गार्डच्या प्रमुखाचा सल्लागार, आणि २०२० ते २०२४ दुमाच्या माहिती धोरण समितीचा अध्यक्ष. मग कायद्यांची रांगच लागली. रशियन मीडियाचा मजकूर अडवला तर यूट्यूबसारखी साइट ब्लॉक करता येईल हा एक, रोज ५ लाखांवर रशियन युजर असलेल्या परदेशी कंपनीने तिथे ऑफिस उघडलंच पाहिजे हा दुसरा (२०२१ चा). जुलै २०२४ मध्ये तर यूट्यूबचा स्पीड कॉम्प्युटरवर आधी ४० आणि मग ७० टक्क्यांपर्यंत पडेल हे यानेच जाहीर केलं, वर हे पाऊल युजर्सविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध आहे म्हणे. व्हिडिओ तर सामान्य माणसाचेच अडकणार ना?

सगळे म्हणतात पलटी मारली. मला नाही पटत. त्याच्या जुन्या बातम्यासुद्धा पोलीस आणि गुप्तचर खात्यातल्या ओळखींवर चालायच्या असं तेव्हाही बोललं जायचं, म्हणजे माहिती कुणाच्या हातून बाहेर यावी याबद्दलचं त्याचं मत पहिल्यापासून हेच असेल का? हे ठरवायला त्याचे २००० च्या आसपासचे लेख आणि दुमातली भाषणं शेजारी ठेवून वाचायची आहेत. दोन्ही ऑनलाइन कुठे मिळतील, भाषांतरासकट असेल तर फारच बरं.

आणि डिसेंबर २०२४ पासून तो युक्रेनच्या सीमेवरच्या कुर्स्क प्रांताचा कारभार बघतोय. तिथल्या मेडिकलला आपली बरीच मुलं असतात, त्यांच्यापैकी कुणी इथे आहे का? तो आल्यावर ड्रोन हल्ल्यांच्या बातम्या लोकल चॅनेलवर नीट कळतात की त्याच्याच टेलिग्रामवर बघाव्या लागतात, एवढं कुणी सांगितलं तरी माझं मोठं काम होईल. नाव लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.